सोम-मंगळ-गुरुवारचं गार पाणी

रविवारी सकाळी साडेदहाला प्रतीकच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमधल्या त्या सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटच्या दाराबाहेर बुटांचा ढीग पडला होता, खाली इमारतीच्या कठड्याला सायकलींवर सायकली टेकल्या होत्या, आणि आत अरुंद बोळात माणसं रांगेने उभी होती. ही रांग होती बॉयलरच्या दर्शनाची.

हो, बॉयलरच्याच. पाणी तापवायचं विजेवरचं ऐंशी लिटरचं पांढरं पिंप. आपण भारतात ज्याला गीझर म्हणतो, त्याचा हा इकडचा थोरला भाऊ. एरवी तो बोळातल्या कपाटात, बटाट्यांच्या पिशवीशेजारी, मुकाट्याने आपलं काम करत असे. आज कपाटाचं दार सताड उघडं होतं. पिंपाच्या पोटावर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती. पिंपाला गळा नसतो, पण मालिनीताईंनी तो शोधून काढून त्यात झेंडूचा हार घातला होता. मधोमध बशीएवढं तांब्याचं यंत्र चिकटवलेलं होतं आणि त्याखाली बॉयलरचा तांबडा दिवा मिणमिणत होता. येणारा प्रत्येक जण त्या दिव्याला हात जोडायचा, मग स्वयंपाकघरातल्या नळाखाली ओंजळ धरायचा आणि ओरडायचा, "आई गं! काय कढत आहे हो!"

"हे उष्णतीर्थ," मालिनीताई समजावून सांगत होत्या. त्या चौथ्या मजल्यावर राहायच्या आणि इमारतीतली कुठलीही नवी गोष्ट सगळ्यांत आधी त्यांना पटायची. "प्यायचं नाही, नुसतं डोळ्यांना लावायचं. भाजलं तर समजायचं, लागू पडलं."

या सगळ्या प्रकाराचे कर्ते-करविते बैठकीच्या खोलीत सोफ्यावर मांडी घालून बसले होते. ऊर्जाचार्य जयप्रकाशजी. अंगात भगवं जॅकेट, मनगटावर महागडं घड्याळ, आणि तोंडात भाषेची अशी मिसळ की ऐकणाऱ्याला आपणच कमी शिकलोय असं वाटावं.

"बघा, घर म्हणजे काय? घर म्हणजे फ्रीक्वेन्सी! अग्नितत्त्व, जलतत्त्व, दोघांचं क्वांटम लग्न म्हणजे गरम पाणी. लग्न मोडलं की पाणी गार. आठ दिवसांपूर्वी या घरात घटस्फोट झालेला होता, घटस्फोट! मी नुसती तार जुळवली."

लोक माना डोलावत होते. सर्वांत जोरात मान डोलावत होते मोरेश्वरराव, प्रतीकचे वडील. आयुष्यभर बँकेत रोखपाल, दुसऱ्याची सही दहादा पडताळून पाहणारा माणूस, पण निवृत्त झाल्यावर तपासायचं कामही त्याने बहुतेक बँकेतच ठेवलं होतं.

एवढ्यात कुमुदिनीबाई आल्या. खांद्याला पिशवी, गळ्याला मफलर, डेल्फ्टहून गाडी आणि मग मेट्रो असा प्रवास करून. स्वतःच्या मुलाच्या घरी त्या आठ दिवसांनी पाऊल टाकत होत्या, कारण याच जयप्रकाशजींनी त्यांना घराबाहेर काढलं होतं.

त्याचं असं झालं. कुमुदिनीबाई भोरच्या मुलींच्या शाळेत बत्तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. ऑक्टोबरच्या दहा तारखेला त्या आणि मोरेश्वरराव तीन महिन्यांसाठी मुलाकडे आले. आल्यावर चार-पाच दिवसांत लक्षात आलं की काही संध्याकाळी नळाला गरम पाणीच येत नाही. मोरेश्वरराव दोन वेळा आंघोळ करणारे. संध्याकाळी साबण लावून झाला की त्यांची किंकाळी बाहेर यायची. प्रतीकने बॉयलरचं तापमान वाढवून पाहिलं. मेकॅनिकला बोलावलं. तो नेमका बुधवारी आला, बुधवारी पाणी कढत. "सगळं ठीक आहे," म्हणून कॉफी पिऊन गेला.

तेव्हा बाईंनी शाळेतल्यासारखी वही घातली. रोज संध्याकाळी सातला नळाखाली हात धरायचा आणि नोंद करायची. तीन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. सोमवार गार, मंगळवार गार, बुधवार गरम, गुरुवार गार, शुक्रवार, शनिवार, रविवार गरम. एकही आठवडा चुकला नाही. बाईंना या नियमाचा फार आनंद झाला होता; कारण मात्र सापडत नव्हतं.

कारण सापडलं जयप्रकाशजींना. मालिनीताईंनी त्यांना एका गुरुवारी सकाळी नऊ वाजता आणलं, मोरेश्वररावांनी मोठ्या कौतुकाने बायकोची वही त्यांच्यापुढे ठेवली, आणि त्यांनी डोळे मिटून एकच प्रश्न विचारला.

"सोम, मंगळ, गुरू. या तीन दिवशी या घरातून कोण बाहेर जातं?"

प्रतीक पाचही दिवस जायचा. सोम, मंगळ आणि गुरुवारी जायची ती एकटी योगिनी, बाईंची सून.

योगिनी सात वर्षांपूर्वी नवऱ्याच्या मागून या देशात आली, तेव्हा तिच्या व्हिसावर नोकरीची परवानगी होती पण हातात नोकरी नव्हती. ती रात्रीच्या वर्गात डच शिकली, दोन ठिकाणी बिनपगारी उमेदवारी केली आणि दीड वर्षापूर्वी स्लोटरडाइकच्या एका ऑफिसात तीन दिवसांची नोकरी मिळवली. आता तिथे तिला पाच दिवसांच्या, कायम नोकरीचं पत्र देऊ करत होते. उत्तर द्यायची मुदत उद्याचा सोमवार.

"गृहिणी उंबरठ्याबाहेर पडली की तिच्याबरोबर घराचा अग्नीही बाहेर पडतो," जयप्रकाशजी म्हणाले होते. "आत्ता तीन दिवस गार. पाच दिवस जाऊ लागली तर? आज पाणी गार, उद्या संसार गार!"

मग उपाय ठरला. शनिवारी तांब्याचं यंत्र बसवायचं. योगिनीने सात दिवस रजा घेऊन घरी थांबायचं. आणि तिसरी अट सांगताना त्यांनी बाईंकडे बोट केलं होतं. "या माताजींची ऊर्जा प्रश्न विचारणारी आहे. यंत्र सिद्ध होईपर्यंत यांनी घरात राहायचं नाही."

शनिवारी सकाळीच बाई डेल्फ्टला भाचीकडे निघून गेल्या. ऋजुता तिथे विद्यापीठात संशोधन करायची, तिच्या एका खोलीत दोघींनी आठ दिवस काढले. आणि या आठ दिवसांत इकडे पाणी एकदाही गार झालं नाही! मोरेश्वरराव रोज फोनवर आनंदाने सांगत. बाईंना रात्री झोप येत नव्हती. वही त्यांची, नोंदी त्यांच्या, आणि त्यातून निघणारा निष्कर्ष त्या माणसाचा. काल फोनवर योगिनी म्हणाली होती, "जाऊ दे ना आई. तीन दिवस आहेत तेच पुष्कळ आहेत. उगाच घरात रोज वाद कशाला?" तिचा तो 'जाऊ दे' बाईंच्या मनाला लागला होता.

तर अशा त्या आत आल्या. योगिनी स्वयंपाकघराच्या दारात उपम्याच्या बश्या घेऊन उभी होती. चेहरा उतरलेला. दोघींची नजरानजर झाली, पण बोलायला जागा नव्हती. बाई रांगेतून वाट काढत बाथरूममध्ये गेल्या, हातपाय धुतले, तोंडावर गरम पाण्याचे दोन हबके मारले, टॉवेलने पुसत बाहेर आल्या, भिंतीकडे हात गेला, ठक-ठक.

आणि बोळात एकच ओरडा झाला.

"दिवा गेला! अहो, दिवा गेला!"

बॉयलरवरचा तांबडा दिवा विझला होता. रांगेतली माणसं एकमेकांना ढकलत कपाटात डोकावू लागली. मालिनीताईंनी यंत्राला हात लावून पाहिला, मग हात कपाळाला लावून पाहिला. जयप्रकाशजी सोफ्यावरून उठून आले. गर्दी बॉयलरकडे बघत होती. ते मात्र बॉयलरकडे बघत नव्हते. त्यांची नजर थेट बाथरूमच्या दाराशेजारच्या भिंतीवर गेली, तिथल्या दोन बटणांवर, आणि अजून त्या बटणांवरच असलेल्या बाईंच्या हातावर. क्षणभरच. मग त्यांनी बाहू उंचावले.

"पाहिलंत? पाहिलंत! अश्रद्धेने उंबरठा ओलांडला, आणि अग्नीने प्राण सोडला!"

सगळ्या माना बाईंकडे वळल्या. मोरेश्वरराव कळवळून म्हणाले, "अगं, आजच यायचं होतं का तुला?"

बाई स्वतःच्या हाताकडे बघत होत्या, जणू तो दुसऱ्याच कोणाचा आहे.

दोन बटणं. एक बाथरूमच्या दिव्याचं. दुसरं कशाचं, हे या घरात कोणी कधी विचारलंच नव्हतं. प्रतीकला वाटायचं, आधीच्या मालकाच्या बंद पडलेल्या पंख्याचं असेल. पण हाताला माहीत होतं. भोरच्या घरी बाथरूमबाहेर अशीच दोन बटणं होती, एक दिव्याचं, एक गीझरचं. पहाटे पाचला उठून दोन्ही सुरू, आणि शेवटच्या माणसाची आंघोळ झाली की दोन्ही बंद. बत्तीस वर्षं. 'गीझर बंद केलास का?' हा प्रश्न त्या घरात 'जेवलीस का?' याच्याइतक्या वेळा विचारला गेला होता. हात ते काम डोक्याला न विचारता करायचा. इथे आल्यावरही पहाटे सुरू, शेवटी बंद, या कामात त्याने खंड पडू दिला नव्हता.

योगिनी ऑफिसला जायच्या दिवशी पहाटे साडेसहाला आंघोळ करून निघायची, मग प्रतीक, मग मोरेश्वरराव, आणि शेवटी, नऊच्या सुमाराला, बाई. मागे कोणी नाही. ठक-ठक. चौघांनी पिंप रिकामं केलेलं, आत भरलेलं नवं पाणी गार, आणि वीज बंद. संध्याकाळी काय कढत पाणी येणार? योगिनी घरी असायची त्या दिवशी मात्र ती सगळं आवरून सगळ्यांच्या शेवटी अकराला आंघोळीला जायची. मागे माणूस आहे, म्हणजे गीझर बंद करायचा नाही. घरचा नियम! बटण तसंच राहायचं आणि संध्याकाळी मोरेश्वरराव गात गात आंघोळ करायचे.

सोम, मंगळ, गुरुवार. सून बाहेर गेल्यामुळे नाही. सासूच्या हातामुळे.

बाईंचे कान तापले. बत्तीस वर्षं मुलींना 'निरीक्षण करा, निरीक्षण करा' म्हणून सांगितलं, तीन आठवडे वही लिहिली, आणि त्या वहीत पाण्याची नोंद होती, आपल्या हाताची नव्हती. आत्ता हळूच बटण दाबलं तर कोणाला कळणारही नाही. दिवा लागेल, लोक टाळ्या वाजवतील, आपली लाज राहील. त्यांनी योगिनीकडे पाहिलं. ती बश्या तशाच हातात धरून खाली मान घालून उभी होती, जणू दिवा तिनेच विझवला होता.

बाईंनी बटण दाबलं. तांबडा दिवा लागला.

"आला! आला!" मालिनीताई ओरडल्या. "यंत्राने परत आणला!"

"यंत्राची शक्ती आहे," जयप्रकाशजी घाईघाईने म्हणाले. "चला, आता आरती करून घेऊ."

"थांबा," कुमुदिनीबाई म्हणाल्या. तो आवाज पन्नास मुलींच्या वर्गाला पुरणारा होता. "आचार्यांनी तीन उपाय एकदम केले. यंत्र लावलं, सुनेला घरात ठेवलं, मला बाहेर काढलं. गुण आला, छान झालं. पण कशाने आला? माझ्या सातवीच्या मुलीसुद्धा सांगतील, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. बघू या? आत्ता पाणी तापतंय, तोवर दिवा चालू राहील. दहा मिनिटांचं काम आहे. योगिनी, बश्या ठेव. लिफ्टने खाली जा, सायकलींपाशी उभी राहा आणि फोन कर."

"आई, मी?"

"तू. घराचा अग्नी घेऊन जा बरोबर."

कोणीतरी हसलं. योगिनी गेली. तीन मिनिटांनी प्रतीकचा फोन वाजला. त्याने तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. "पोचले हो खाली. वारा काय सुटलाय इथे! दिवा आहे का?"

पंचवीस जणांनी कपाटात पाहिलं. दिवा होता.

"आहे गं," प्रतीक म्हणाला, आणि आठ दिवसांत पहिल्यांदाच त्याचा चेहरा सैल पडला. "आहे. ये वर."

"आता यंत्र काढा," बाई म्हणाल्या.

"हात लावाल तर भस्म..." जयप्रकाशजींनी सुरुवात केली, पण मोरेश्वररावांनी यंत्र उचकटलंही होतं. रोखपालाची नजर परत आली होती; त्यांनी यंत्र उलटंपालटं करून पाहिलं, मग दिव्याकडे पाहिलं. दिवा होता.

"आता मी." बाई दाराबाहेर गॅलरीत जाऊन उभ्या राहिल्या, आत आल्या, पुन्हा गेल्या. दिवा आपला मिणमिणतोच आहे. लोकांना मजा येऊ लागली होती. रांग मोडून सगळे कपाटाभोवती गोळा झाले होते, आणि दर वेळी "आहे! आहे!" असा पुकारा होत होता.

"आता सगळं आचार्यांच्या मनासारखं करू. अहो, यंत्र होतं तिथे लावा. योगिनी, तू घरातच थांब. मी अश्रद्धावाली ही बाहेर चालले. आणि मालिनीताई, तुम्ही फक्त एक करा. बाथरूमच्या दाराशेजारी दोन बटणं आहेत ना, त्यातलं उजवीकडचं दाबा."

मालिनीताईंनी दाबलं. दिवा विझला.

गॅलरीतून बाईंचा आवाज आला, "महाराज, यंत्र जागेवर आहे, सून घरात आहे, मी घराबाहेर आहे. आता लावा दिवा!"

जयप्रकाशजींनी डोळे मिटले. ओठ हलवले. पिंपावर अक्षता टाकल्या. दिवा लागेना. गर्दीत खसखस पिकली. एकाने मागून "क्वांटम, क्वांटम" असा ठेका धरला. तेव्हा मात्र आचार्यांचा संयम सुटला.

"अहो, मेन बटणच बंद केलंत तर कॉइलला सप्लाय कुठून येणार?"

आपण काय बोलून बसलो, हे त्यांना बाकीच्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," बाई आत येत म्हणाल्या. "त्या गुरुवारी नऊ वाजता तुम्ही इथेच उभे होतात. मी आंघोळ करून बाहेर आले, बटण बंद केलं, तुम्ही पाहिलंत. 'माताजी, बटण चालू ठेवा', एवढंच सांगायचं होतं. कॉइल, सप्लाय... पूर्वी काय करत होता तुम्ही?"

"गीझर दुरुस्ती," मालिनीताई खालच्या आवाजात म्हणाल्या. "नाशिकला दुकान होतं त्यांचं. मला वाटलं, पूर्वाश्रम म्हणजे तो संपला."

"अहो, चांगला धंदा होता की!" मोरेश्वरराव म्हणाले. "तो का सोडलात?"

यावर जे हसू फुटलं ते आवरेना. आचार्य मात्र गंभीर होते. "काकू, तुम्ही बटण दाबलंत ते निमित्त. पण पाणी गार सूनबाई गेल्यावरच व्हायचं ना? तुमच्याच वहीत आहे!"

पुढचं वाक्य बाईंना जड गेलं.

"वहीत मी माझी नोंद केली नव्हती," त्या म्हणाल्या. "सोम, मंगळ, गुरुवारी शेवटची आंघोळ माझी. बटण मी बंद करत होते. सवयीने, नकळत, रोज. प्रतीक, खरं सांग, हे कधीपासून सुरू झालं?"

प्रतीकने डोकं खाजवलं. "म्हणजे... साधारण... दहा-बारा ऑक्टोबरपासून."

"दहाला कोण आलं?"

"तुम्ही दोघं." तो ओशाळून हसला. "पण आई, 'तुम्ही आल्यापासून पाणी गार येतं' असं कसं म्हणणार? दीड वर्षं योगिनी ऑफिसला जातेय, कधी काही झालं नव्हतं. मला ते दिसत होतं. पण तोंडातून निघेना."

"मलाही," योगिनी म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"आणि मला वाईट वाटू नये म्हणून तू पाच दिवसांची नोकरी सोडायला निघालीस?" बाईंचे डोळे भरून आले. "बरी गं तुमची अदब! अगं, सासूला सांगायचं, आई, काहीतरी तुमच्यामुळे होतंय. रागावले असते मी. दोन दिवस बोलले नसते. पण तिसऱ्या दिवशी बटण शोधलं असतं!"

या गोंधळात जयप्रकाशजी दारापर्यंत पोचले होते. पण बुटांच्या ढिगात त्यांचा डावा बूट सापडेना, त्यामुळे त्यांना बाईंचं शेवटचं बोलणंही ऐकून जावं लागलं. ते त्या सगळ्यांना उद्देशून बोलल्या, खुर्चीवर न चढता, साध्या आवाजात.

"या गृहस्थांनी सुनेला घरी का बसवलं, ते लक्षात घ्या. उद्या मी परत आले असते, हात पुन्हा त्या बटणावर गेला असता, पाणी पुन्हा गार झालं असतं. तेव्हा यांचं यंत्र खोटं ठरलं नसतं. सून घराबाहेर पडली म्हणून झालं, असं म्हणता आलं असतं. दोष कायम तिच्या माथी. तुमच्याही घरी कोणी असं कारण सांगत आला, तर तीन प्रश्न विचारा. कधीपासून? त्या वेळी आणखी काय बदललं? आणि एकच गोष्ट बदलून पाहिली का? विचारायला काही लागत नाही, आणि घरच्या माणसाला विचारायला तर अजिबात भिऊ नका."

मालिनीताईंनी हार पिंपावरून काढला आणि गुपचूप उपम्याच्या बश्या वाटायला घेतल्या. उपमा एव्हाना गार झाला होता, पण त्याचं कारण सगळ्यांनाच माहीत होतं.

सोमवारी सकाळी योगिनी साडेसहाला आंघोळ करून निघाली. तिच्या पिशवीत पेनं होती, एकाऐवजी दोन, सासूबाईंनी टाकलेली. नऊ वाजता बाईंची आंघोळ झाली. त्या बाहेर आल्या, टॉवेलने तोंड पुसलं, हात भिंतीकडे गेला आणि कागदावर आपटला. उजव्या बटणावर चिकटपट्टीने एक चिठ्ठी लावलेली होती, त्यांच्याच अक्षरात, वर्गातल्या फळ्यावर लिहावं तशी: 'कुमुदिनी, हात मागे घे.'

बाईंनी हात मागे घेतला. मग फक्त डावं बटण दाबून त्या दिवा मालवून गेल्या.

संध्याकाळी सातला योगिनी आली. मेट्रोपासून घरापर्यंत पावसात भिजलेली, नाक लाल झालेलं. दारातच म्हणाली, "सही केली." तेवढंच. मोरेश्वररावांनी आपला टॉवेल खांद्यावरून काढला. संध्याकाळच्या आंघोळीचा पहिला मान त्यांचा असे, पण ते म्हणाले, "जा, आधी तू जा. भिजलीयेस."

बाथरूमचं दार लागलं. नळ सुरू झाल्याचा आवाज आला. बाहेर तिघं कान देऊन उभे राहिले. मग आतून योगिनीने हाक मारली, "आई! कढत आहे!"

बाईंनी वही काढली. 'सोमवार' लिहिलं, त्यापुढे 'गरम' लिहिलं, आणि आधीच्या सगळ्या पानांवर शेजारी एक नवा रकाना आखायला घेतला. त्याच्या डोक्यावर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं.